हजेरी जुन्या गावात

वाशीम जिल्ह्यात मी दहा दिवसांसाठी गेले आणि सतरा दिवस राहिले. वरचे सात दिवस एका नऊ वर्षांच्या मुलीमुळे लागले, आणि तिची हकीकत सांगायची म्हणूनच हे लिहायला बसले आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, तालुकाही सांगत नाही. तिथले सर अजून नोकरीत आहेत.

मी साताऱ्याची. अध्यापक विद्यालयात आयुष्यभर शिकवलं आणि निवृत्त झाले. एका ओळखीच्या संस्थेनं विचारलं, की शिक्षण आणि आरोग्य या दोन खात्यांत वरून सारख्या नव्या सुधारणा येतात. त्या राबवायला जिल्ह्यात, तालुक्यात, गावात प्रत्यक्षात कोण असतं, ते हिंडून बघून याल का? मी लगेच हो म्हटलं. खरं कारण एवढंच, की विदर्भ मी कधी पाहिला नव्हता.

डिसेंबर सुरू झाला होता. सोयाबीन निघून गेलं होतं आणि काळी रानं मोकळी पडली होती. तुरी मात्र माझ्या डोक्याच्या वर गेलेल्या. आमच्याकडे उसात माणूस हरवतो, इथे तुरीत. पहिले चार दिवस मजेत गेले. मेडशीला एका शिक्षिकेच्या घरी जेवले. ज्वारीची भाकर आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची झणझणीत भाजी. त्या दाण्यांना तिकडे सोले म्हणतात. त्यांच्या सासूबाईंनी विचारलं, "वरतून सांबार टाकू का?" मी म्हटलं, "नको, भाकरीबरोबर सांबार कशाला?" सगळं घर हसलं. सांबार म्हणजे कोथिंबीर. आसेगावहून परतताना एसटी आलीच नाही, तेव्हा एका शेतकऱ्यानं मला कडब्याच्या ट्रॅक्टरवर बसवलं. "बसा मावशी, पण घट्ट धरजा," एवढंच म्हणाला. अंगाला दोन दिवस खाज सुटली होती.

माणसं भेटत होती, बोलत होती, राबत होती. एक नर्स तीन गावं बघायची, एक शिक्षक चार वर्ग. हे अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हती ती एक शाळा.

रोजच्या हजेरीच्या छापील याद्या मी चाळत होते. हजेरी आता मोबाइलवर, शाळेच्या आवारात उभं राहूनच भरायची असते. बाकी शाळांच्या याद्यांत मधूनमधून रिकाम्या जागा होत्या, नेटवर्क नाही, फोन बंद, काहीतरी. या एका शाळेत एकही रिकामी जागा नव्हती. रोज दहाच्या सुमारास हजेरी. पट एकतीस. शिक्षिकेच्या नजरेला इतकी स्वच्छ वही खटकतेच. मी ठरवलं, ही शाळा बघायची.

फाट्यापासून पुढे

तालुक्याच्या स्टँडवर आलुबोंडा खाऊन मी एक जीप ठरवली. जीपवाले शकीलभाई, पन्नाशीचे, बोलके. गावाचं नाव सांगितलं तशी त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"जुनं का नवं?"

"शाळा आहे ते."

"नव्यात शाळा नाई म्हणतात. अन् जुन्यात तं कोणीच राह्यत नाई, मॅडम. तलाव झाला ना तिथं. चार साल झाले, गाव उठलं."

मी पिशवीतून यादी काढून दाखवली. कालची तारीख, एकतीसपैकी एकोणतीस हजर. त्यांनी कागद हातात घेतला, वाचला आणि परत दिला.

फाट्यावर त्यांनी जीप थांबवली. धुकं होतं. "मी इथंच थांबतो. तुमी जाऊन या. सरळ रस्ता हाय."

"तुम्ही का नाही येत?"

"मले नाई जमत तिकडं," ते म्हणाले आणि सीटवर मागं रेलून बसले.

मी चालत निघाले. रस्ता डांबरी, पण मधोमध गवत. थोड्या वेळानं पहिलं घर आलं. दार नव्हतं. दाराची चौकटही नव्हती. मग दुसरं घर, तिसरं, तसंच. लोक जाताना दारं, चौकटी, खिडक्या, पत्रे, सगळं उचकटून घेऊन गेले होते. उरल्या होत्या नुसत्या भिंती आणि त्यांतली भोकं. एका भिंतीत कोनाडा होता आणि कोनाड्याच्या वर दिव्याची काजळी तशीच. खालच्या अंगाला गल्ली उतरत उतरत थेट पाण्यात गेली होती. पाण्यातून एक हापसा अर्धा वर आला होता. वाळलेली झाडं पाण्यात उभी होती आणि त्यांच्यावर एकही पाखरू नव्हतं. माझ्याच चपलांचा आवाज मला मोठा वाटायला लागला.

आणि तेवढ्यात मुलीचा आवाज आला. स्पष्ट, वरच्या अंगानं.

"हजर सर!"

मी थांबले. दुसरा आवाज, मुलाचा. "हजर सर!" मग तिसरा. प्रत्येकाच्या मध्ये थोडी शांतता. आवाजात एक घरघर होती, जशी जुन्या रेडिओत असते.

खोटं कशाला सांगू, माझे पाय परत फिरायला लागले होते. पण तीस वर्षं ज्या शब्दाला सवयीनं मान वर केली, तो शब्द होता. मी चढ चढून वर गेले.

शाळा उभी होती. दोन खोल्या, ओसरी. ओसरी झाडलेली. फळ्यावर त्या दिवसाची तारीख, खाली पट आणि हजेरी. भिंतीवर उंची मोजायच्या रेघा, प्रत्येक रेघेपाशी नाव. बाकं ओळीनं लावलेली आणि सगळी रिकामी. पुढे खुर्चीवर एक गृहस्थ बसले होते, पांढरा शर्ट, स्वेटर, मांडीवर हजेरीपुस्तक. टेबलावर मोबाइल आणि शेजारी शाळेला मिळतो तसला हातभर उंचीचा ध्वनिक्षेपक.

"प्राची," ते म्हणाले.

ध्वनिक्षेपकातून काही आलं नाही. नुसती घरघर.

"प्राची?"

मग त्यातून एका बाईंचा आवाज आला. "सर, ते आज आलीच नाई. दम लागून राह्यला म्हणे."

त्यांनी पुस्तकात खूण केली, मोबाइल उचलला, आणि तेव्हा त्यांना मी दिसले. ते घाबरले नाहीत. म्हणाले, "मॅडम, जराशा बाजूले व्हा. फळ्याचा फोटो काढाचा हाय. मधात माणूस आलं की मोबाइल नाकारते."

इंगोले सर

त्यांचं नाव इंगोले. मुख्याध्यापक तेच, शिक्षकही तेच. जोडीला एक बाई, त्या नव्या गावातली मुलं सांभाळत होत्या. त्यांनी पिशवीतून स्टीलचा थर्मास काढून मला चहा दिला. रिकाम्या गावात बसून मी तो चहा प्यायले आणि ते सांगत गेले.

गाव उठलं, चार किलोमीटरवर नवं वसलं. माणसं गेली, गुरं गेली. शाळेचा क्रमांक मात्र गेला नाही. यादीत शाळा इथेच आहे. मोबाइलला शाळेचं ठिकाण हेच ठाऊक. आवाराच्या बाहेर शंभर पावलं गेलं, की तो म्हणतो, आपण शाळेत नाही. हजेरी लागली नाही तर पोषण आहार येत नाही, पुस्तकं येत नाहीत, दाखले निघत नाहीत. नवं गाव तर यादीतच नाही. नव्या गावाच्या नावानं शाळा मागितली, तर ही शून्य पटाची शाळा म्हणून बंद करायची नोटीस येते.

"मंग मी रोज इथं येतो. झाडतो, फळा लिहितो. बाई तिकडून पोरं फोनवर देतात. मले एका कानानं ऐकू येत नाई, म्हणून हे यंत्र लावलं. हजेरी झाली का मोटारसायकलनं तिकडं जातो, अन् शिकवतो. एक दिवस चुकलो नाई, मॅडम."

"आणि ही उंची? वजन?"

"आरोग्याचं पथकही इथंच येते ना. त्याइच्या कागदावर हेच ठिकाण हाय. तपासणीच्या दिवशी पोट्टे चालत आणतो, तपासून झाले का परत नेतो. लहानले गाव आठवत नाई. मोठे आपापल्या घरापुढून जातात, पण आत कोणी पाय ठेवत नाई. मी कोणाले मनाई केली नाई. ते आपल्या मनानंच."

मी विचारलं, प्राची कोण. त्यांनी थर्मासचं झाकण हळूहळू बंद केलं.

तपासणीत डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली आणि लगेच ओळखलं. हृदयाला छिद्र. चिठ्ठी झाली, मोफत शस्त्रक्रियेची मंजुरी झाली, मुलीला न्यायला गाडी निघाली. आणि गाडी या गावात आली. दोनदा आली. दोनदा शेरा पडला, लाभार्थी आढळून आली नाही. प्रकरण बंद.

नवं गाव

प्राचीची आई रेखाताई, शेतमजूर. नवरा बांधकामावर पुण्याला. नव्या गावातलं घर पत्र्याचं, पण त्याला जुन्या घराचं दार बसवलेलं. दारावर हिरवा रंग, वर जुन्या गावातला घरक्रमांक तसाच.

प्राची बाजेवर बसून उजळणी लिहीत होती. बारीक, हुशार डोळ्यांची. ओठ जांभळसर. मला तिनं पाणी आणून दिलं, आणि ती दहा पावलं चालल्यावर उभी राहून श्वास घ्यायला लागली, तेव्हा मी उगाच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

"गाडी आली म्हणतात," रेखाताई म्हणाल्या. "कुठं आली? तिकडं. तिकडं माह्यं कोण हाय? मी पोरीले घेऊन एसटीनं वाशीमले गेली. तिथं कम्प्युटरवर पाह्यलं अन् म्हणते, तुमची पोरगी सापडली नाई असं दाखवते. म्या म्हटलं, बाप्पा, हे काय उभी हाय माह्यासंगं! ते म्हणे, हो मावशी, पण इथं नाई दाखवत."

त्यांनी हे रागानं सांगितलं नाही. रागाच्या पुढं गेलेलं माणूस जसं सांगतं, तसं सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेले.

तीन खुर्च्या

शिक्षण खात्याचं कार्यालय मोठं होतं, चौदा-पंधरा टेबलं. प्रत्येकावर पदाची पाटी, आणि प्रत्येक टेबल रिकामं. पंखे बंद. भर कामाच्या वेळी, सकाळी अकरा वाजता त्या हॉलमध्ये मला जुन्या गावासारखंच वाटलं. इथेही भोकं होती, फक्त त्यांना पाट्या होत्या.

टोकाला साहेब बसले होते. चाळिशीतले, थकलेले, सभ्य. त्यांच्याकडे त्यांचं मूळ पद होतं आणि आणखी दोन पदांचा कारभार होता. समोर तीन शिक्के.

"शाळेचं ठिकाण बदलायचं पत्र मी दोन वर्षांपूर्वी लिहिलं आहे," ते म्हणाले. "उत्तर आलेलं नाही."

"कोणाकडून?"

त्यांनी शेजारच्या खुर्चीकडे बोट केलं. "या पदाकडून. तेही सध्या माझ्याकडेच आहे. पण मी प्रभारी आहे, ठिकाण बदलायचा अधिकार प्रभारीला नाही. म्हणजे या खुर्चीवरून मी मागतो आणि त्या खुर्चीवरून मला देता येत नाही." ते हसले नाहीत. "जेवायला मी त्या मधल्या टेबलावर बसतो. तिथे कोणतंच पद मंजूर नाही. जरा बरं वाटतं."

मी प्राचीचं सांगितलं. त्यांना आधीच माहीत होतं. इंगोले सरांची पत्रं त्यांनी एकावर एक ठेवली होती, कोपरे जुळवून. मग म्हणाले, "आरोग्यवाल्यांना सांगून गाडी तिसऱ्यांदा पाठवायला लावतो, एवढी ओळख आहे. पण एकदाच जमेल. मुलगी नोंदीच्या ठिकाणी दिसली पाहिजे, तिथला फोटो लागतो. तिसऱ्यांदाही सापडली नाही, तर नाव कायमचं जाईल. मग नव्यानं तपासणी, नव्यानं मंजुरी. वर्ष जाईल."

"ती नव्या गावात आहे, गाडी तिकडे पाठवा ना."

"कुठे पाठवू? मला ते गाव निवडताच येत नाही." त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. गावांची यादी होती. मी ती वरून खाली आणि खालून वर वाचली. नवं गाव नव्हतं.

मी संस्थेला फोन केला, की मला आणखी राहावं लागेल. गाडीचा दिवस ठरायला पाच दिवस लागले.

गाडीची वाट

ठरल्या दिवशी सकाळी आठला आम्ही जुन्या गावात पोचलो. रेखाताई, प्राची आणि मी. शकीलभाईंनी या वेळी मात्र जीप गावात घातली. पोरगी चालू शकत नाही म्हटल्यावर ते आले, पण इंजिन बंद केलं नाही, आणि आम्हाला उतरवून पुन्हा फाट्यावर गेले.

रेखाताई थेट त्यांच्या घरापाशी गेल्या. नोंद त्या घराची होती. चौकट नसलेल्या भोकातून आत जाताना त्यांनी मान वाकवली, जशी बुटक्या दारातून जाताना वाकवतात. मग तुरखाटीच्या, म्हणजे वाळल्या तुरीच्या, चार काड्या जमवून त्या जमीन झाडायला लागल्या.

"कशाला झाडता?" मी विचारलं.

"पोरगी बसन ना," त्या म्हणाल्या. पण झाडलं त्यांनी सगळं घर.

प्राची पाच वर्षांची असताना इथून गेली होती. तिला काही आठवत नव्हतं. "मी कुठं झोपत होती?" तिनं विचारलं. आईनं कोपरा दाखवला. प्राची जाऊन त्या कोपऱ्यात बसली, भिंतीला पाठ लावून, आणि छपराच्या जागी आभाळाकडे बघत राहिली. धुकं आत उतरत होतं. ती थरथरायला लागली, तेव्हा रेखाताईंनी जुन्या चुलीच्या जागी तीन दगड मांडले आणि जाळ केला. धूर सरळ वर गेला. चार वर्षांत त्या गावातून निघालेला बहुधा तो पहिला धूर.

नऊ वाजले, साडेनऊ वाजले. इंगोले सर शाळेत आले होते. दहाला हजेरी सुरू झाली. वरच्या अंगानं एकेक आवाज धुक्यातून खाली यायला लागला. मला सगळं ठाऊक होतं, यंत्र ठाऊक होतं, सर ठाऊक होते, तरी मानेवर काटा आला. रेखाताईंनी पोरीला जवळ ओढलं.

आणि त्याच वेळी गाडीचा आवाज आला.

गाडी गल्लीच्या तोंडाशी एका चिंचेच्या झाडापाशी थांबली. एक तरुण नर्स उतरली. तिनं धूर पाहिला आणि ती तिथेच उभी राहिली. वरून "हजर सर" आलं. ती झटकन वळली आणि गाडीचं दार धरलं. मी ओरडले, "ताई, थांबा! जाऊ नका!" ते ऐकून ती आणखीच घाबरली. शेवटी रेखाताई पोरीला कडेवर घेऊन धुरातून बाहेर आल्या आणि गल्लीत उभ्या राहिल्या.

"हे पाहा," त्या म्हणाल्या. "हे पाहा माह्यी पोरगी. आता लिहा सापडली म्हणून."

नर्स जवळ आली. आधी तिनं प्राचीच्या पायांकडे पाहिलं. मग हात पुढे करून तिचं मनगट धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. नाडी बघत होती की आणखी काही, कोण जाणे. तिचे डोळे भरले.

"मी दोन्ही वेळा आली होती, काकू," ती म्हणाली. "पहिल्या वेळी हाका मारल्या, कोणीच नव्हतं. दुसऱ्या वेळी मी 'प्राची' म्हणून हाक मारली, अन् पोरीचा आवाज आला, 'हजर.' रिकाम्या गावातून. मी पाहालेबी नाई थांबली. पळाली. कागदावर काय लिहू? लिहिलं, आढळून आली नाही."

इंगोले सर तोवर खाली आले होते. त्यांनी ते ऐकलं आणि ओट्यावर बसले. त्या दिवशी गाडीचा आवाज त्यांना ऐकूच आला नव्हता. स्वेटरच्या बाहीनं चष्मा पुसत राहिले. रेखाताई नर्सला म्हणाल्या, "जाऊ दे बाई. मीबी पळाली असती."

फोटो निघाला. मायलेकी, मागं दार नसलेलं घर, चुलीचा धूर. गाडी त्यांना घेऊन गेली, आणि दोन दिवसांनी मीही निघाले.

परतल्यावर

प्राचीची शस्त्रक्रिया संक्रांतीनंतर झाली, नीट झाली. अहवालात मी जे पाहिलं ते लिहिलं. खुर्च्या किती, माणसं किती, आणि कोणाला काय देता येत नाही. तो वाचला गेल्याचं मला कळवण्यात आलं. शाळेचं ठिकाण हे लिहीपर्यंत बदललेलं नाही. साहेबांची बदली झाली, त्यांच्या जागी कोणी आलेलं नाही; तिन्ही शिक्के आता दुसऱ्या तालुक्यातल्या एका साहेबांकडे आहेत. इंगोले सर रोज जातात.

परवा रेखाताईंचा फोन आला. दवाखान्यातून घरी सोडलं त्या दिवसाचं सांगत होत्या. परत पोचवायलाही सरकारी गाडी मिळाली. गाडी फाट्यावरून वळली ती जुन्या गावाकडेच, कारण कागदावर तेच होतं. पोरीच्या छातीला टाके, आणि चार किलोमीटर चालायचं. चालकानं त्यांच्या जुन्या घरापुढे गाडी लावली, उतरून दाराच्या भोकाचा फोटो काढला, मोबाइलवर काहीतरी दाबलं आणि परत येऊन बसला. त्यांना उतरा म्हणाला नाही.

"मग?" मी विचारलं.

"मंग तो म्हणे, कागदावरचं गाव झालं, मावशी. आता तुमचं सांगा. कुठून जाचं?" रेखाताई फोनवर हसल्या. "म्या पोरीकडं पाह्यलं. प्राचीनंच रस्ता दाखोला."